लाभार्थीचा घोटा

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सिद्धलिंगआप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. दिलं तर बाकीच्या गावांना आपल्यावर अन्याय झाल्यासारखं वाटेल.

आप्पांना तरुणपणी चालत्या एसटीतून उतरायची हौस होती. एकदा पालमहून येताना ते असेच उतरले आणि जिथे रस्ता असायला हवा होता तिथे तो नव्हता. डावा घोटा गेला. गावातल्या जाणकारांनी पाय ओढून, हळद-तुरटीचा लेप लावून घोटा बरा झाल्याचं जाहीर केलं. घोट्याला ते कळवायचं मात्र राहून गेलं. तेव्हापासून तो अधूनमधून मुरगळायचा, कधी लग्नाच्या पंगतीत, तर कधी दुकानाच्या पायरीवर. आप्पा कपाळावरची विभूती पुसून जाईपर्यंत घाम गाळत आणि पुन्हा कामाला लागत.

साठीच्या उंबरठ्यावर साखर वाढली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. मोंढ्यातले व्यापारी पहाटे पळायला जात, आप्पाही त्यांच्यात गेले आणि पहिल्याच आठवड्यात घोटा सुजवून परत आले. तेव्हा पत्नी अनुपमाबाईंनी जाणकारांना दारातूनच परत पाठवलं आणि आप्पांना परभणीला, राजेश्री नावाच्या फिजिओथेरपिस्ट मुलीकडे नेलं.

राजेश्रीने घोटा दोन्ही हातांनी वळवून पाहिला. हाड जागेवर होतं, पण सांधा धरून ठेवणारे बंध सैल पडले होते आणि त्यांना बळकट करायला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. तिने पळणं, उड्या मारणं बंद केलं. भिंतीचा आधार घेऊन दुखऱ्या पायावर थोडा वेळ उभं राहायचं, टाचा सावकाश उचलायच्या, सपाट जागी चालायचं, आणि चप्पल नाही, मागून बंद असलेले बूट घालायचे. एवढंच. शेवटी ती म्हणाली, "दुखलं की थांबायचं, आप्पा. लोक काय म्हणायलेत ते बघायचं नाही."

या दोन्हींतली पहिली सूचना पाळणं सोपं होतं.

गावात सपाट जागा म्हणजे नगरपंचायतीचं उद्यान. तिथे खुली व्यायामशाळा होती. तिच्यातल्या दोन यंत्रांवर गोधड्या वाळत आणि तिसऱ्याला एक शेळी बांधलेली असे. यंत्रं मात्र अगदी शाबूत होती, कारण त्यांच्यावर कोणी व्यायाम केला नव्हता. माळ्याच्या खोलीच्या भिंतीला हात लावून आप्पा डाव्या पायावर उभे राहू लागले. गावात दूध घालायला येणारे मुंजाजी ते पाहून थांबले.

"कोनता नवस हाय, आप्पा? लय कडक दिसायलाय."

"नवस न्हाई. घोटा हाय."

"घोट्याचा नवस पयल्यांदाच आयकायलोय," असं म्हणून मुंजाजींनी हात जोडले. पण आप्पांनी सगळं समजावून सांगितल्यावर ते रोज कॅन ठेवून तिथे बसू लागले आणि आप्पा डुलले की "भित्त धरा" एवढंच म्हणू लागले. बाकी गावाने एरंडाची पानं, उंटाच्या हाडाचं तेल आणि हैदराबादचा एक हकीम सुचवला.

अशात वरून एक पत्र आलं. प्रत्येक नगरपंचायतीने 'सुरक्षित व्यायाम पंधरवडा' साजरा करावा, जुनी दुखापत असलेल्या नागरिकांना प्राधान्य द्यावं आणि लाभार्थींची छायाचित्रं पाठवावीत. आरोग्याचं काम पाहणारे लिपिक नागनाथ हे पत्र घेऊन गावभर फिरले. गावात जुन्या दुखापती भरपूर होत्या, पण व्यायाम नव्हता. दमून ते उद्यानात बसायला आले, तर समोर आप्पा एका पायावर उभे.

नागनाथ म्हणाले, "आप्पा, तुम्ही लाभार्थी आहात."

आप्पांनी विचारलं की आपल्याला लाभ काय झाला. नागनाथ म्हणाले की लाभाचं पुढे ठरेल, लाभार्थी आधी लागतो.

चौकात फलक लागला. त्यावर आप्पा एका पायावर उभे होते, पण खालच्या भागात शुभेच्छुकांचे चेहरे दाटीने बसवलेले असल्यामुळे पाय दिसत नव्हते. गुडघ्यापासून वर एक भांडेवाला अकारण कललेला दिसत होता. तसाच दुसरा मोठा फलक उद्यानात लावायचं ठरलं, तेव्हा मधे माळ्याची खोली येऊ लागली. ती पाडण्यात आली. आधारासाठी ठेवलेली भिंत सुरक्षित व्यायामाच्या प्रसाराला अडथळा ठरत होती, असं कागदावर नोंदलं गेलं. नंतर गुत्तेदाराने मुरुमाची जागा खोदून तिथे गुळगुळीत, चकचकीत फरशी बसवली. सुरक्षित व्यायामाच्या जागेला काही शोभा नको का?

आप्पा नागनाथांकडे गेले आणि भिंत कुठे गेली म्हणून विचारलं. नागनाथांनी सांगितलं की भिंतीची मागणी करता येईल, पण ती बांधकामात मोडते, आरोग्यात नाही. दुसऱ्या दिवसापासून फरशीच्या कडेला, जिथे थोडी माती शिल्लक होती तिथे, मुंजाजी ताठ उभे राहू लागले आणि आप्पा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून टाचा उचलू लागले. भिंतीपेक्षा हे बरं, असं आप्पांना वाटलं. भिंत बोलत नसे.

आणि एक अघटित घडलं. घोटा सुधारू लागला. एका सकाळी आप्पा भर चौकातून न लंगडता, हातात चहाची किटली घेऊन गेले. समोरून नागनाथ येत होते. त्यांचा चेहरा पडला.

"पाहणी अजून व्हायची हाय, आप्पा," ते हळूच म्हणाले. "इतक्या लवकर बरं व्हायचं असतं का?"

लाभार्थी बरा झाला तर योजनेची गरज उरत नाही, आणि गरज उरली नाही तर पाहणीला येणाऱ्या साहेबांना दाखवायचं काय, हा नागनाथांचा खरा पेच होता. पाहणीपर्यंत आप्पांनी थोडं लंगडावं, अशी त्यांनी विनंती केली. जाता जाता आप्पांच्या दुकानाची पायरी नालीवर आली आहे, तरी इतकी वर्षं कोणाचं लक्ष गेलं नाही, याबद्दल त्यांनी समाधानही व्यक्त केलं.

पण आप्पा काही फक्त पायरीसाठी लंगडले नाहीत. लाभार्थी झाल्यापासून लग्नात त्यांना पुढची खुर्ची मिळत होती. शाळेने त्यांना 'जिद्द' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. चाळीस वर्षं भांडी विकून जी इज्जत मिळाली नाही, ती एका सुजलेल्या घोट्याने मिळवून दिली होती. तो बरा झाला हे सांगायला त्यांचं मन धजेना.

अनुपमाबाई एका संध्याकाळी म्हणाल्या, "अहो, घरात नीट चालता अन् चौकात लंगडता. अन् काल तर उजवा पाय लंगडवलात."

पाहणीचा दिवस ठरला आणि त्यात ऐन वेळी 'सुरक्षित व्यायाम दौड' घालण्यात आली. लाभार्थीने सगळ्यात पुढे पळायचं होतं.  आप्पा नागनाथांना भेटले आणि राजेश्रीने पळायला साफ मनाई केल्याचं सांगितलं.

"दौड फक्त नावाला हाय," नागनाथ म्हणाले. "तुम्ही चालायचंच. जरा पळत."

त्या दिवशी साहेब येणार म्हणून फरशी पाण्याने धुऊन आरशासारखी करण्यात आली होती. शेळीला रजा होती. साहेबांनी हिरवा झेंडा दाखवला आणि उत्साहाच्या भरात स्वतःही दौडीत शिरले. आप्पांना एकाच वेळी पळायचं होतं आणि लंगडायचंही होतं. दुखलं की थांबायचं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, पण अजून काही दुखत नव्हतं. मग डावा पाय लंगडवण्यासाठी त्यांनी सगळा भार उजव्यावर टाकला आणि उजवा पाय ओल्या फरशीवरून निघून गेला. क्षणभर दोन्ही पाय हवेत होते. मागून नागनाथ येत होते, त्यांनी नगरसेवकांना धरलं, नगरसेवकांनी साहेबांना धरलं आणि मागची सगळी रांग फरशीवर आडवी झाली. कडेला मातीत उभे असलेले मुंजाजी तेवढे उभे राहिले. त्यांनी आधी आप्पांना उचललं. आप्पा रडत होते, आणि ते दुखल्यामुळे नव्हतं, असं मुंजाजींनी नंतर अनुपमाबाईंना सांगितलं.

अहवालात अपघाताचा उल्लेख नाही. गावातल्या लाभार्थींची संख्या एकाच सकाळी एकावरून नऊवर गेली, अशी नोंद आहे. इतकी वाढ दुसऱ्या कोणत्याही गावाला दाखवता आली नाही.

अनुपमाबाई आणि मुंजाजी आप्पांना परभणीला घेऊन गेले. राजेश्रीने सवयीने डावा घोटा आधी तपासला.

"हा तर छान झालाय," ती म्हणाली. "उजव्याला काय झालं?"

"सुरक्षित व्यायाम," आप्पा म्हणाले.

 राजेश्रीने उजवा पाय बांधला, सूज उतरेपर्यंत विश्रांती सांगितली आणि पुढचा व्यायाम घरात, दाराला कडी लावून करायला सांगितलं. आप्पांनी ते ऐकलं. आज ते सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावून उभे राहतात. उजवा बरा होईपर्यंत सगळा भार डाव्यावर असतो. ज्या पायावर त्यांनी उभ्या आयुष्यात भरवसा ठेवला नाही, तो आता मुकाट्याने त्यांना सांभाळतो. पुढची खुर्ची गेली. शाळेने 'जिद्द'साठी साहेबांना बोलावलं.

मागे राहिला तो दौडीतला एक फोटो. त्यात आप्पांचे दोन्ही पाय जमिनीपासून वर आहेत, हात पसरलेले आहेत आणि तोंड उघडं आहे. ज्याला माहीत नाही त्याला ते हसू वाटतं. कोणीतरी त्याच्यामागे उगवता सूर्य बसवला आणि खाली लिहिलं, 'शुभ सकाळ. आरोग्य हीच खरी संपत्ती. आजच पळायला लागा.' जिल्ह्यातल्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांतून तो रोज पहाटे फिरतो. तुमच्याकडेही आला असणार. हात जोडून तुम्ही तो पुढेही पाठवला असेल, अंगावरचं पांघरूण न काढता.