अगदी ह्यांच्याएवढेच

“पायांची आतली लांबी किती आहे?” सायकलच्या दुकानातून फोनवर प्रश्न आला, आणि उल्का रिसबूड यांनी मोबाइल कानापासून हातभर लांब धरला.

“मी सायकल घ्यायला फोन केलाय. तुम्ही काय भलतंच विचारताय?”

“बाई, रोड बाइक आहे. फ्रेमचं माप माणसाच्या मापावर ठरतं. त्यांना भिंतीला पाठ लावून उभं करा, दोन पायांच्या मध्ये जाड पुस्तक धरा, जाईल तिथपर्यंत वर न्या आणि तिथून जमिनीपर्यंत टेप लावा.”

“आमच्याकडे पुस्तकं वाचतात,” असं म्हणून उल्काताईंनी फोन ठेवला.

ज्यांना भिंतीला उभं करायचं होतं, ते माधव रिसबूड येत्या रविवारी पन्नास वर्षांचे होणार होते. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ते मॅनेजर होते. म्हणजे सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसायचे, ऑफिसात खुर्चीत बसायचे, मीटिंगला बसायचे आणि दमून घरी येऊन सोफ्यावर बसायचे. त्यांच्या हाताखालची पोरं सुट्टीच्या दिवशी बारीक चाकांच्या सायकली घेऊन घाटात जायची आणि सोमवारी डबा खाताना त्या घाटाचं वर्णन इंग्रजीत करायची. माधवराव दोन वर्षं म्हणत होते, “मीही घेणार एक.” ते दोन वर्षं म्हणतायत म्हणजे घेणार नाहीत, हे पंचवीस वर्षांच्या संसारानंतर उल्काताईंना कळत होतं. म्हणून त्यांनी वाढदिवसाला गुपचूप सायकल आणायचं ठरवलं. आता नवऱ्याच्या पायांत पुस्तक धरलं असतं, तर त्याला आश्चर्याचा धक्का बसलाच असता, पण तो वेगळा.

आणि टेपची गरज होती कुणाला? उल्काताईंची नजर चुकत नाही, हे कोथरूडमधल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना मान्य होतं. मान्य नसणाऱ्यांनी वाद घालून पाहिला होता आणि मग मान्य केलं होतं. उरलेली आमटी कोणत्या डब्यात मावेल, हे त्या पातेल्याकडे नुसतं बघून सांगत. ती मावायचीच. नाही मावली तर डब्यात खोट असायची.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात हजर झाल्या. दुकान यज्ञेश्वर नावाच्या गृहस्थांचं. वडिलांच्या काळात तिथे तासावर सायकली भाड्याने मिळायच्या. आयटीवाले आले, तशा स्कूटरच्या किमतीच्या सायकली आल्या, काचेचं दार आलं, एसी आला. वडिलांच्या हातची पाटी मात्र यज्ञेश्वरांनी अभिमानाने तशीच ठेवली होती: ‘एकदा घेतलेला माल परत होणार नाही. कारण सांगू नये.’

नवरा बरोबर नसताना त्याच्यासाठी खरेदी करायची पद्धत लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही दुकानदाराला विचारा. बायका समोर दिसेल त्या पुरुषाला धरतात, त्याच्या पाठीला सदरा लावून बघतात आणि म्हणतात, “अगदी ह्यांच्याएवढेच आहेत.” तो बिचारा स्वतःच्या बायकोसमोर मुकाट्याने उभा राहतो, कारण त्याची बायको तोवर दुसऱ्या कुणाला तरी धरून उभी असते. उल्काताईंनी दुकानभर नजर फिरवली. एक गृहस्थ हात मागे बांधून मरून रंगाच्या सायकलीकडे बघत होते. सुखदेव वाघमारे. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, राहायला धायरीला.

“भाऊ, जरा ताठ उभे राहता का?”

सरकारी नोकरीतला माणूस. हुकूम आला, ताठ झाला. उल्काताई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, स्वतःच्या डोक्यावर आडवा हात धरला, तो त्यांच्या कानापर्यंत नेला आणि म्हणाल्या, “अगदी ह्यांच्याएवढेच आहेत. बसवा यांना सायकलवर.”

“बाई, उंची सारखी असली म्हणून माप सारखं नसतं,” यज्ञेश्वर म्हणाले. “एखाद्याचे पाय लांब असतात, एखाद्याचं धड लांब असतं.”

“पंचवीस वर्षं त्यांच्या पँटी मी वाळत घालतेय की तुम्ही?”

यज्ञेश्वरांनी एकदा वडिलांच्या पाटीकडे बघितलं आणि वाद मिटवला. सुखदेवराव मरून सायकलवर बसले. पाठ हवी तेवढी वाकली, पाय हवे तेवढे लांबले. “छप्पन्नची फ्रेम. अंगावर बेतून शिवल्यासारखी बसलीय,” यज्ञेश्वर म्हणाले, आणि दुकानदार असूनही ते खरं बोलत होते.

“करा बिल.”

“अहो ताई, पण ही मी…”

“उपकार झाले हो भाऊ. नाहीतर आजकाल कोण कुणासाठी सायकलवर बसतं!” उल्काताईंनी पर्समधून आल्याची वडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. सुखदेवरावांचं उरलेलं वाक्य त्या वडीबरोबर पोटात गेलं.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये झेंडूचा हार घातलेली मरून सायकल उभी होती. भोवती उल्काताईंची अख्खी भिशी होती. माधवरावांना इतका आनंद झाला की क्षणभर त्यांना बोलताच येईना. त्यांनी उत्साहाने पाय पलीकडे टाकला. उजवा पाय जमिनीला टेकायच्या आधी सायकलची आडवी दांडी अशा जागी पोचली, की त्यांना आता वेगळ्याच कारणाने बोलता येईना.

“कशी आहे?” उल्काताईंनी विचारलं.

“अगदी मापाची!” माधवराव बारीक आवाजात म्हणाले.

“बघितलंत? टेप नाही, पुस्तक नाही, काही नाही. नुसती नजर!” उल्काताई भिशीकडे वळून म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता की तो बघायला माधवरावांनी आणखी थोडं सोसलं असतं. तसं ते सोसतच होते.

कुणी म्हणेल, खरं सांगायला काय धाड भरली होती? त्याने स्वेटरची गोष्ट ऐकावी. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी उल्काताईंनी नुसत्या नजरेच्या मापाने नवऱ्यासाठी स्वेटर विणला होता. माधवराव घालून बघताना फक्त म्हणाले, “काखेत जरा घट्ट होतोय का?” उल्काताईंचा चेहरा पडला. त्या संध्याकाळी टीव्हीसमोर बसून त्यांनी अख्खा स्वेटर उसवला, लोकर गुंडाळली आणि पुन्हा सुयांना हात लावला नाही. तो लोकरीचा गुंडा अजून कपाटात आहे. हिवाळा आला की उल्काताई कपाट उघडतात, गुंडा दिसेल इतकं उघडतात, आणि माधवरावांची थंडी पळून जाते. बायकोचा तो चेहरा त्यांना पुन्हा बघायचा नव्हता. तिच्यावर त्यांचा जीव होता म्हणून, आणि भीतीही होती म्हणून.

तेव्हा सायकल मापाचीच आहे असं ठरलं. सीट अगदी खाली बसवून झाली, तरी पाय जमिनीला पोचेनात. हँडल तर एवढं लांब, की पोटाला वळसा घालून हात तिथवर नेईपर्यंत खांदे कुरकुरायचे. जिन्याच्या पायरीवरून चढायचं ठीक होतं. उतरायला मात्र फूटपाथ लागायचा, आणि पुण्यात हवा तेव्हा फूटपाथ सापडणं कठीण. सापडलाच तर त्याच्यावर स्कूटर लावलेली. त्यामुळे सिग्नलला थांबायची सोय राहिली नाही. माधवराव लाल दिव्याला न थांबता पुढे जायचे. याबद्दल कुणालाही काही वेगळं वाटलं नाही.

पुढच्या रविवारी मात्र चौकात पोलीस उभा होता. माधवरावांनी प्रसंगावधान राखून शेजारच्या बसच्या खिडकीचा गज धरला आणि तोल सावरला. तेवढ्यात सिग्नल सुटला, बस निघाली. गज सोडावा तर पडायची भीती, धरावा तर बसबरोबर जायची.

“ओ काका,” खिडकीतून कंडक्टर म्हणाला, “एक तर आत या, नाहीतर हात सोडा. फुकटात किती हवा खाणार?”

“थांबवा हो बस!”

“स्टॉप आल्याशिवाय थांबत नाही.”

“स्टॉपवर तरी कधी थांबता?” एवढ्या अवस्थेतही माधवराव पुणेकरच होते. कंडक्टरने हे मनाला लावून घेतलं, आणि बस जी थांबली ती स्वारगेटला.

तिथे सुटका झाली, पण उतरणार कसे? जिथे हिरवा दिवा दिसेल तो रस्ता आपला, असं करत करत माधवराव सिंहगड रोडला लागले आणि जीव मुठीत धरून धायरीपर्यंत पोचले. तिथे एका चहाच्या टपरीपुढे लाकडी बाक होता. बाक धरून थांबायचं, असा त्यांचा बेत होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक गृहस्थ चहा पीत बसले होते. माधवरावांनी सगळा भार या टोकाला टाकला, तसं दुसरं टोक वर गेलं, आणि मरून सायकल, माधवराव, बाक, ते गृहस्थ आणि त्यांचा चहा असे सगळे एकत्र खाली आले.

“लागलं न्हाई ना?” टपरीवाला म्हणाला. “बसा, च्या हाय गरम.”

चहा सांडलेले गृहस्थ चिडून उठले, सायकल बघून थबकले आणि म्हणाले, “ही सायकल तुमच्या मिसेसनी घेतली का? आल्याची वडी देतात, त्या?”

ते सुखदेवराव होते. माधवरावांना दुकानातला सगळा प्रकार तेव्हा कळला. “मी हीच सायकल घ्यायला गेलो होतो हो,” सुखदेवराव कळवळून म्हणाले. “माझ्यावरच माप घेतलं आणि माझ्यासमोरून घेऊन गेल्या! माझ्या लेकीने बिल्डिंगभर सांगून ठेवलेलं, बाबा आज सायकल आणणार. रिकाम्या हाताने परत कसा जाऊ? तो दुकानदार म्हणाला, बावन्नची एक शिल्लक आहे, सीट वर केली की तीही मोठी होते.” त्यांनी झाडाला टेकवलेल्या पिवळ्या सायकलीकडे हात केला. “चालवताना माझे गुडघे माझ्या तोंडासमोर येतात. समोरचं बघू की गुडघे बघू?”

दोघांनी एकमेकांच्या पायांकडे बघितलं, मग सायकलींकडे बघितलं. माधवराव पिवळ्या सायकलवर बसले आणि पन्नास वर्षांच्या आयुष्यात प्रथमच त्यांना आपल्या देहाबद्दल आदर वाटला. पाय टेकत होते, हात पोचत होते, पोटाचीही सोय झाली होती. दोघं खडकवासल्यापर्यंत जाऊन आले, तेही बोलत, हसत.

“मग कायमच्याच बदलू या की,” सुखदेवराव म्हणाले.

“नको हो. मरून रंग तिने निवडलाय. पिवळी घेऊन घरी गेलो तर…” माधवरावांनी स्वेटरची गोष्ट सांगितली.

“अहो, खरं काय ते सांगून टाका ना वहिनींना.”

“तुमचं लग्न झालंय ना?”

“झालंय.”

“मग असं कसं बोलता?”

 सुखदेवरावांच्या घरी त्यांच्या पत्नी, हिरावहिनी, होत्या. त्यांना मुद्दा पटला.

तेव्हापासून दर रविवारी माधवराव हाल सोसत धायरीला यायचे, टपरीवर सायकल बदलायचे, खडकवासल्यापर्यंत राजासारखे जायचे आणि परत हाल सोसत घरी पोचायचे. पोट उतरायला लागलं, चेहऱ्यावर तेज आलं. त्या तेजाचं श्रेय उल्काताईंनी भिशीत वाटून घेतलं नाही, एकटीनेच घेतलं. शेवटी भिशीने फोटो मागितला. मरून सायकल, वर माधवराव, मागे सिंहगड. माधवराव दर रविवारी धायरीच्या टपरीवर चहाला थांबतात, एवढं घरी ठाऊक होतं. तेव्हा एका रविवारी थालीपिठांचा डबा घेऊन उल्काताई स्कूटरवरून थेट धायरीच्या टपरीपुढे येऊन उभ्या राहिल्या.

मरून सायकलवर सुखदेवराव होते. पिवळ्या सायकलवर माधवराव होते, आणि इतके खूश होते की बायको आलेली त्यांना जरा उशिराच दिसली.

“उल्का! अगं, यांना सहज एकदा चालवून बघायची होती म्हणून…”

“सहज न्हाई, ताई,” टपरीवाला मदतीला धावला. “दर रविवारी हितंच बदलत्यात की.”

 उल्काताईंनी स्कूटर स्टँडला लावली, डबा हातात घेतला आणि हळू आवाजात विचारलं, “घट्ट होत होती?”

“मोठी,” माधवराव म्हणाले. कपाटातला लोकरीचा गुंडा त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. “मोठी होत होती. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

उल्काताईंनी त्या वाक्यावर थोडा विचार केला. मग त्या मरून सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घालून आल्या. सुखदेवरावांची पाठ बघितली, गुडघे बघितले, टाचा बघितल्या.

“भाऊ, तुम्हाला कशी होते?”

“अगदी मापाची,” सुखदेवराव प्रामाणिकपणे म्हणाले.

उल्काताईंचा चेहरा पुन्हा फुलला. “बघा! म्हणजे सायकल बरोबरच होती. माझी नजर काडीइतकी चुकलेली नाही. तुमचे पायच आखूड निघाले, त्याला मी काय करणार?”

“काहीच नाही,” माधवराव म्हणाले.

“आणि स्वेटरही बरोबरच होता.”

“होता!” माधवराव घाईघाईने म्हणाले. “माझ्या काखाच चुकल्या.”

“मग वहिनी, सायकली आता कायमच्या बदलायच्या का?” सुखदेवरावांनी धीर करून विचारलं.

“बदला की. सायकलच ती.” उल्काताईंनी डबा उघडून पहिलं थालीपीठ त्यांना दिलं. दुसऱ्यावर लोण्याचा चांगला मोठा गोळा घालून ते नवऱ्याच्या हातावर ठेवलं, पिवळ्या सायकलवरच्या त्या देहाकडे डोक्यापासून टाचेपर्यंत एकदा नीट बघितलं आणि सुस्कारा सोडला.

“बाकीचं असू दे. एकदा घेतलेला माल परत होत नाही. आणि कारणही सांगू नये.”