घर हाय ते, गोदाम नाय

कौसाआक्कांनी एका सकाळी एका इंजिनिअरला, एका जेसीबीवाल्याला आणि एका कारकुनाला अनवाणी केलं. त्यातला महापालिकेचा कारकून मी.

आक्कांची वस्ती खाम नदीच्या काठी. पत्र्याची घरं, काहींना नुसती ताडपत्री. पण भिंत कशाचीही असो, चपला बाहेर. आमचा इंजिनिअर नवा होता. टेप घेऊन सरळ आत शिरायला लागला, तर आक्का दारात आडव्या.

"बूट काढा."

"बाई, झोपडी मोजायचीय. पूजेला नाही आलो."

"झोपडी तुमच्या भाषेत. घर हाय ते, गोदाम नाय. तुमच्या आईच्या सैपाकघरात जाता का बूट घालून?"

इंजिनिअरनं मुकाट्यानं काढले. जेसीबीवाला खरं तर नाल्यातला गाळ काढायला आलेला. पाणी मागायला दारात वाकला, तोही सापडला. मी मागं रेंगाळत होतो. समोरच्या ओट्यावरून रिक्षावाले सलीमभाई म्हणाले, "निकालो साब, निकालो. मिनिस्टर आया तो भी अम्मा नई छोडती." मी बूट काढला आणि मोज्यातून अंगठा बाहेर आला.

एक म्हातारी ओरडली, "अगं बया, साहेबाचा बी पत्रा फाटलाय!"

अख्खी गल्ली हसली. आक्का सगळ्यांत मोठ्यानं. मी ते विसरलो नाही.

या वस्तीला शहराबाहेरच्या माळावर नेऊन टाकायचं, असं आधी ठरलं होतं. तिथं ना नळ, ना बस. धुणीभांडी करणाऱ्या बायांनी तिथून कामावर यायचं कसं, हा प्रश्न ठरवणाऱ्यांपैकी एकालाही पडला नाही. त्यांच्याच घरची धुणीभांडी या बाया करत होत्या! आक्का आमच्या ऑफिसच्या जिन्यात ठाण मांडून बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक साहेबाला त्या एकच विचारायच्या, "तुमच्याकडं कामाला कोण येतं? राहती कुठं?" साहेब लोक मागच्या दारानं जायला लागले. शेवटी वस्तीच्याच जागी इमारत बांधायची, असं ठरलं. आम्ही ज्या दारावर लाल रंगानं नंबर टाकू, त्या घराला इमारतीत खोली. नंबर नाही, तर खोली नाही.

वस्तीच्या तोंडाशी पूर्वी उकिरडा होता. पलीकडच्या सुशिक्षित कॉलनीचा कचराही तिथंच यायचा. आक्कांनी बाया जमवून तो उपसला आणि मधोमध खुर्ची टाकून बसल्या. स्कूटरवरून पिशवी भिरकवायला आलेल्या एका सद्गृहस्थाला म्हणाल्या, "टाका की दादा, माझ्या पदरात टाका. लाजू नका." दादा पिशवी घेऊन घरी गेले. आता तिथं पोरं अभ्यासाला बसतात. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर, पूर्वी नाकाला रुमाल लावून तिथून जाणारे सगळे झळकले. आक्कांचा फोटो नव्हता. मला चीड आली, त्यांना नाही. "बरं झालं," म्हणाल्या, "पावसात भिजले असते."

त्यांचा आणखी एक हट्ट होता. घरचं माणूस हजर असल्याशिवाय दारावर नंबर टाकायचा नाही. मागच्या पाहणीत लोक कामावर असताना कुणीतरी येऊन कागदावर दोन घरांचं एक करून गेलं होतं. त्यामुळं आम्ही नंबर टाकत निघालो की आक्का पुढं धावायच्या. कुणाला विटांच्या कामावरून बोलावून आण, कुणाला झोपेतून उठव. त्यांचं स्वतःचं घर गल्लीच्या टोकाला. आम्ही तिथं पोचलो तेव्हा दाराला कुलूप. आणि आमच्या नियमात कुलूप म्हणजे घर बंद, तिथं कुणी राहत नाही.

आक्का तेव्हा मागच्या गल्लीत आमच्याच कामासाठी एका म्हाताऱ्याला हाताला धरून आणत होत्या. त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. एक हाक मारली असती तर झालं असतं. मी ब्रश रंगात बुडवला आणि कुलपाशेजारी 'बंद' लिहिलं. कुणी सांगितलं म्हणून नाही. त्या अंगठ्यापायी.

वस्ती खवळली. सलीमभाई म्हणाले, "जिसने सबको नंबर दिलाया, उसकाच नंबर नई?" लोक ऑफिसवर निघाले. अडवलं ते आक्कांनीच.

"गप बसा समदे. माझ्यापायी तुमचं काम थांबंल. कुलूप होतं, खरं हाय."

ते ऐकून मीच साहेबांकडे गेलो. ते फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "राहत असती तर सापडली असती." माझं डोकं फिरलं. जी बाई या माणसाला जिन्यात रोज सापडत होती, ती घरात सापडली नाही म्हणून बेघर! पण तो राग मी कुणावर काढणार होतो? रंगाचा डबा माझ्या हातात होता. मी फक्त फेरपाहणी मागितली. आठवड्याची मुदत मिळाली.

आक्कांना निरोप पाठवला, घरात बसा. पाहणीवाले गेले, तर आक्का कुणाच्या तरी सुनेला घेऊन दवाखान्यात. पुन्हा गेले, तर नळावरच्या भांडणात मधोमध उभ्या. मुदतीच्या शेवटच्या दुपारी मी एकटाच गेलो. दार उघडं होतं.

आक्का बाजेच्या कडेला अवघडून बसल्या होत्या, परक्याच्या घरी आल्यासारख्या. घर लख्ख. मांडणीवरची भांडी जशी लावली तशी, चादरीवर सुरकुती नाही.

"इथं किती माणसं राहतात?" हे विचारावंच लागतं.

"एक लिवा." मग थांबून म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू साहेब? मी बी हितं राहत नाय. मालक गेले, लेक सासरी पुण्याला. अंधार पडला की घर खायाला उठतं. मग कुणाची पोर बाळंत असती, कुणाला ताप असतो, त्येंच्याकडं निजते. त्येंना वाटतं, आक्का सोबतीला आली." त्या हसल्या. "सोबत मला लागती."

"मग खोली कशाला हवी?" मी विचारायला नको होतं.

"लेक आली तर? आईचं घर कुठंय, म्हणंल की."

मी 'राहते' असं लिहिलं. बाहेर जाऊन 'बंद' खरवडून काढलं आणि नंबर टाकला. आजवर केलेल्या लबाड्यांपैकी या एकीचं मला ओझं वाटत नाही.

पुन्हा आत आलो, तर आक्कांनी स्टोव्ह पेटवून पाणी ठेवलं होतं आणि एकामागून एक डबे उघडत होत्या. हरभऱ्याची डाळ, मीठ, एक रिकामा डबा. चहापत्ती कुठं ठेवलीय, ते त्यांना आठवत नव्हतं.

"राहू द्या, आक्का."

"बसा हो साहेब," पाठमोऱ्याच म्हणाल्या. "घाई करू नगा. सापडंल."