‘गेली’ म्हणायचं न्हाय

तुळजापुरात अण्णांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात ‘गाडी गेली’ असं म्हणायला सक्त मनाई आहे. गाडी ‘निघाली’ म्हणा, ‘मार्गाला लागली’ म्हणा. चुकून कुणी ‘गेली’ म्हणालं, की अण्णा ताडकन उठतात. “गेली कुठं? वर? थुक आदी, थुक!” माझं टायरचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे हे थुंकणं मला रोज ऐकू येतं.

धंदा जुना. अण्णांचे वडील बैलगाडीतून सोलापूरहून इथल्या दुकानदारांचा माल आणायचे. अण्णांनी पहिला ट्रक घेतला. त्यांच्या मुलानं, माणिकनं, दारात ट्रकांची रांग लावली. आता नात ऋतुजानं पाटीवर ‘लॉजिस्टिक्स’ लिहून आणलं. अण्णांनी पाटी वाचली आणि भडकले.

“लाजिस्टिक? माझ्या बापाला पोती वाहताना लाज वाटली न्हाय, तुला कशापायी वाटायली?”

धंदा वाढला तशी अण्णांची भीतीही वाढली. बैलगाडीला एक भीती पुरायची, आता प्रत्येक ट्रकला वेगळी लागते. त्यावर उतारा म्हणून ऋतुजानं कॉम्प्युटरवर नकाशा लावून दिला. प्रत्येक गाडीचा एक हिरवा ठिपका. झालं, आगीतून फुफाट्यात! ठिपका चहाला थांबला तरी अण्णांच्या छातीत धडधड. “ह्यो का थांबला? फोन लाव!” बिचारे ड्रायव्हर आता ढाब्यावर उतरायच्या आधीच अण्णांना फोन करतात.

या भित्र्या माणसाचा एक नियम मात्र पक्का. तेरखेड्याच्या कारखान्यांतल्या फटाक्यांचा ट्रक घरच्याच माणसानं चालवायचा. “दुसऱ्याचं लेकरू फटाक्यावर बसवायचं न्हाय.” पूर्वी अण्णा स्वतः न्यायचे. गुडघे गेल्यापासून माणिक नेतो. (हे ‘गेले’ मी त्यांच्यासमोर म्हणत नाही.)

यंदा दिवाळीच्या तोंडावर माणिक नागपूरचा माल भरायला तेरखेड्याला होता. दुपारी अण्णा माझ्या दुकानात टेकले होते. पुण्याहून आलेला, नुकताच कामाला लागलेला कारकून दारात येऊन म्हणाला, “अण्णा, तेरखेड्याहून फोन होता. माणिकदादा गेले.”

अण्णा ‘थुक’ म्हणाले नाहीत. त्यांनी नुसतं माझं मनगट धरलं. खोटं कशाला सांगू, मलाही दरदरून घाम फुटला.

“कुठं गेले?” मी ओरडलो.

“नागपूरला,” तो चाचरत म्हणाला. “माल भरला आणि गेले.”

मी सुस्कारा सोडला, पण अण्णांच्या कानात काही शिरेना. माणिकला फोन लावला, लागेना. परत लावला, लागेना. ऋतुजा धावत आली, तिनं मोबाईलवर ठिपका दाखवला. ठिपका चालत होता.

“ठिपक्याला तोंड हाय का? त्यो बोलाया पायजे!”

आम्ही तिघं त्या फोनकडे बघत बसलो. दारात गिऱ्हाईक आलं, मी त्याला हातानंच परत पाठवलं. शेवटी एकदाचा माणिकचा फोन आला. फोनची बॅटरी उतरली होती म्हणे.

“काय अण्णा?”

“काय न्हाय. टायरात हवा बघितली का?”

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि लहान पोरासारखे रडले.

मग मी त्यांना घरी सोडायला गेलो. दारात काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, उभ्या होत्या.

“माणिक कुठं हाय?”

“हितंच की, सोलापूरला. सिमेट भरायलाय,” अण्णा हसत म्हणाले. “फटाक्याचं काम तर कवाच बंद केलंय.” आणि हातपाय धुवायला आत गेले.

मी निघालो, तर काकू हळूच म्हणाल्या, “बापू, खोटं बोलत्यात. लगीन झाल्यापासनं ह्येंची गाडी सोलापूरच्या पल्याड जात न्हाय. माझ्या जिवाला घोर नगं म्हनून.”

“मग सांगून टाका ना, माहीत आहे म्हणून.”

“मला बी भ्याव वाटतंय हे कळलं, तर माझी बी काळजी करीत बसतील. आजून किती करतील?”

आतून अण्णांचा आवाज आला, “सोलापुरात ऊन लई हाय म्हनं!”

काकूंनी पदरानं डोळे टिपले आणि आवाज चढवला, “व्हय का? मंग टोपी घालाया सांगा की त्याला!”