आवडाबाई न्यायाधीशांची मात्रा व दरबारचा पंखा

श्रीजगदंबा प्रसन्न. जिने सोसिले तीस प्रथम नमन करून लिहितो. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरी, वैशाखमासी या राज्यात वर्तमान ऐसे जाहले जे, न्यायासनी बैसणाऱ्या आवडाबाई यांची मासिक पाळी सरली, आणि अंगातून वाफा उठो लागल्या, आणि निद्रा गेली, आणि एके दिवशी भर सभेत फिर्यादीचे नावच विसरल्या. दरबारी रिवाज ऐसा की महाराजांच्या गादीवाचून कोणास पंखा ढाळणे नाही. बाई घामाने निथळत, आणि मंडळी कुजबुजत, "बाईंना आता झेपत नाही." आसन जाते ऐसा समय आला.

पूर्वी या विकारावर वैद्यांची मात्रा घरोघर होती. मग वाड्यातील सत्तरीच्या स्त्रियांस ती देऊन पाहिली, आणि कोणास छातीत गाठ जाहली, कोणाचे रक्त गोठले, आणि दवंडी फिरली की मात्रा विष आहे, आणि साऱ्या बरण्या खंदकात रित्या जाहल्या. पन्नाशीच्या बायांस कोणी पुसले नाही. "बाईचा जन्म, सोसायचं," ऐसे म्हणत वीस वर्षे गेली. अहो, सोसा म्हणणाराचे काय जाते!

मग आवडाबाईंनी राजवैद्य भिकंभटांस सभेत आणविले. भट मान खाली घालून बोलिले, "बाईसाहेब, आम्हीच घाबरलो. पाळी नुकती सरली आहे, गाठीचा वा रक्ताचा विकार नाही, ऐशा स्त्रीस तपासून दिली तर बहुधा गुणच येतो." तो बाईंच्या मातुश्री लाडूबाई, वय पंचाहत्तर, उठून उभ्या राहिल्या. दवंडी ऐकून यांनी आपली बरणी स्वहस्ते ओतिली होती. म्हणाल्या, "भटजी, मग माझी वीस वर्षं फुकट गेली का हो?" आणि लागलीच पुसिले, "आता द्याल मला?" "नाही, आईसाहेब. वेळ टळली. आता अपायच होईल." ऐकून आम्हांसही वाईट वाटले.

मग लाडूबाई गादीपाशी गेल्या, आणि सेवकाच्या हातून पंखा घेतला, आणि कारभारी "रिवाज, आईसाहेब!" म्हणताच "रिवाजाला घाम येत नाही," ऐसे बोलून लेकीमागे उभ्या राहिल्या. "तू मात्रा घे, आवडे. गुण येईतो मी वारा घालते." महाराजांनी मान तुकविली.

तात्पर्य, आवडाबाईंचे आसन राहिले, आणि मात्रा राज्यात पुन्हा चालू जाहली, तपासून, वय पाहून, जिची तिने ठरवून. लाडूबाईंस मात्र त्या वीस वर्षांत कोणी वारा घातला ऐसे ऐकिवात नाही.