कोपरापर्यंत हात

आमचे भाऊजी मासे घेताना टोपलीत कोपरापर्यंत हात घालतात. वरच्या माशाकडे बघतही नाहीत. "वरचा दाखवाचाच असते," म्हणतात आणि तळातला ओढून काढतात. यवतमाळच्या बाजारात ते लांबून दिसले की मासेवाल्या बाया टोपलीवर गोणपाट टाकतात.

दोष त्यांचा नाही. उभा जन्म कापसाची प्रत ठरवण्यात गेला. गाडीत वर कोरडा कापूस, खाली ओला. म्हणून हात थेट तळाशी. ते निवृत्त झाले, हात झाला नाही. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी तो बुंदीच्या परातीतही घातला होता. मी मात्र शिक्का दिसला की मान डोलावणारा. घरात आजवर जळालेले सगळे मिक्सर खात्रीचेच होते.

ताई गेल्यापासून भाऊजी एकटे. मुलगी वैशू कोकणात असते. समुद्रातले मासे बेतानं, पिलं सोडून पकडले की नाही हे तपासून पाकिटावर शिक्का देणाऱ्या कंपनीत. मागच्या दिवाळीत भाऊजी तिला म्हणाले, "तुह्या शिक्क्यानं काय होते? समुद्राच्या बुडाशी कोनं हात घातला?" ती सकाळच्या पहिल्या एसटीनं निघून गेली. मग वर्षभर बापलेकीचं बोलणं माझ्या फोनवरून. "मामा, बाबांनी गोळी घेतली का?" "इचार तिले, जेवली का." मी पार थकून गेलो.

यंदा ती आली, शिक्क्याचं सुरमईचं पाकीट बर्फात घालून. तळायला अर्थात मी. हे काही बोलले की ही पुन्हा निघणार, म्हणून आधीच बजावलं, "भाऊजी, आज आवरा बरं."

"मी काय बोलून राह्यलो?"

ताटं वाढली आणि बोलली वैशूच. "बाबा, तुमचं बरोबर होतं. आमी एखाद्याच बोटीवर जातो. बाकीच्यायचे कागद पाहतो. अन् आमी येनार हे बोटवाल्याले आधीच माहीत रायते."

मी डोळे मिटले. एवढा जिंकलेला माणूस गप्प कसा बसणार?

"बोटीवर तू सोता जाते?" भाऊजींनी विचारलं.

"हो."

"नेरपर्यंत जाचं म्हटलं तरी एसटीत उलट्या कराची तू. तिथं डोकं कोन धरते तुह्यं?"

वैशूनं खाली पाहिलं. "कोनीच नाही."

भाऊजींनी तिचं ताट आपल्याकडे ओढलं आणि सुरमईचे काटे काढत बसले. एवढी मासे तपासणारी बाई. तिनं मुकाट्यानं काढू दिले.