आर्डेल दाजींचे सौजन्य मोडून काढिले त्याची हकीकत

विदित जाहले पाहिजे की, विस्कॉन्सिन प्रांताच्या उत्तर अंगास, जेथे डांबरी रस्ता संपोन स्प्रूसची झाडी लागते, तेथे पाणकोंबडी तळ्याच्या काठी एक लाकडी खोपट आहे, त्यास छावणी म्हणतात. नोव्हेंबरातील थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीचा शनिवार उजाडला म्हणजे त्या मुलखी बंदुकीने हरीण मारण्याचा हंगाम उघडतो, तो नऊ दिवस चालतो, आणि त्या नऊ दिवसांत लग्न, बारसे, फार काय कोणी मरावयाचेही मनावर घेत नाही. त्या छावणीत जो प्रसंग गुदरला तो लिहोन ठेवावा ऐशी आज्ञा आम्हांस कोणी केली नाही. तरी लिहितो, कारण बाकीचे लिहितील तर आपापल्या हत्याराची तारीफ लिहितील. आमचे नाव वेंडेल. आम्ही हरीण मारीत नाही, शिजवितो. सबब सर्व पक्षांस आम्ही सारखेच तुच्छ आहो, आणि बखर लिहिणारास याहून मोठी लायकी लागत नाही.

छावणीचे खासे धनी आर्डेल स्कोगन, उमर एकाहत्तर, लाकडी धनुष्याचे बहाद्दर. धनुष्य स्वतः तासलेले, दोरी स्वतः वळलेली, त्यास ना दुर्बीण ना चाक. पाचोळ्याचा आडोसा करोन उलट्या बादलीवर बसत, आणि हरीण वीस पावलांत आले तरच बाण सोडीत, तेणेंकरून बहुत साले हरणांशी त्यांचा निव्वळ स्नेहच होता. दुसरे सरदार लाव्हर्न ग्रुनवाल्ड, आर्डेलांच्या बायकोचे, मार्लिसबाईंचे, धाकटे बंधू, बंदूकवाले. यांनी झाडीत चार खांबांवर खोली उभारिली, तीस सरकती काच, आत गॅसची शेगडी आणि गुबगुबीत खुर्ची, आणि त्या सरंजामानिशी ते हरणांवर चालोन जात, म्हणजे बसोन राहत. तिसरी जोलीन, लाव्हर्नांची कन्या, एरवी मालट्रक चालविते. तिचे धनुष्य चाकांचे आणि तिची मचाण झाडावर वीस फूट उंच.

आता या तिघांचा परस्परांविषयी अभिप्राय लिहितो. आर्डेल लाव्हर्नास म्हणत, "तू शिकार करत नाहीस रे, खिडकीत बसून भाजीवाल्याला हाक मारतोस." लाव्हर्न म्हणत, "दाजी, तुमच्यापुढून हरणं वाट विचारून जातात." आणि जोलीन म्हणे की, बाबांच्या बंदुकीच्या आवाजाने सात तळ्यांवरची बदके उडतात आणि काकांचा बाण पोस्टाने पोचतो. मग आर्डेल तीस म्हणत की, बाई, तुझ्या धनुष्याला चाकं आहेत तर त्यावर बसूनच घरी जा. ऐसे चौतीस हंगाम चालिले, आणि कोणाच्या जेवणात खंड पडला नाही.

परंतु एका गोष्टीत तिघांचा तह होता. ती गोष्ट क्रॉसबो. बंदुकीच्या दस्त्यावर आडवे धनुष्य बसवितात, रहाट फिरवोन दोरी ताणितात, मग चाप ओढिला की बाण सुटतो, त्यास क्रॉसबो म्हणतात. दर साली पहिल्या संध्याकाळी ब्रँडीचा पेला उंच धरोन आर्डेल फर्मान सोडीत की, "बंदुकीला धनुष्याचा झगा घातला की क्रॉसबो होतो. तो घेऊन येणाऱ्याने माझ्या दारात बुटाचा चिखल झाडायलाही थांबू नये." आणि सर्व जण आमेन म्हणत.

ऐसे असता या साली एप्रिलात आर्डेलांच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया करावी लागली, आणि वैद्याने साफ सांगितले की, धनुष्य ओढणे आता संपले. हे वर्तमान मार्लिसबाईंखेरीज कोणास कळो दिले नाही. बाई म्हणाल्या, बंदूक घ्या, तर दोन दिवस जेवले नाहीत. मग एके दिवशी चार परगणे पलीकडे, जेथे आपले तोंड कोणी ओळखीत नाही, तेथे जाऊन त्यांनी क्रॉसबो खरेदी केला, आणि तो स्वयंपाकघरातील मेजावर ठेवोन त्याजकडे पाहत बसले. बाईंस म्हणाले, "त्यांना कळलं, तर मी दुसऱ्या दिवशी घरी येईन. आणि पुन्हा जाणार नाही." बाई हसल्या नाहीत. त्यांस पक्के ठाऊक होते की, हा मनुष्य त्या नऊ दिवसांच्या जोरावर उरलेले वर्ष चालतो.

हत्यार छपवावयाची तजवीज ऐसी केली की, तळ्याच्या बर्फास भोक पाडावयाचे जे मोठे गिरमिट असते त्याच्या पिशवीत क्रॉसबो घातला. येथे मोठी चूक जाहली. तळ्यावर बर्फ धरावयास अजोन तीन आठवडे होते, तळ्यात बदके पोहत होती, आणि साठ वर्षे याच पाण्यावर काढलेला मनुष्य गिरमिट खांद्यास लावोन गाडीतून उतरला. जोलीन म्हणाली, "काका, हे कशाला? बदकांना भोकं पाडायला?" आर्डेल म्हणाले की, यंदा लवकर गोठेल. हवामानाविषयी त्यांस उलट बोलण्याची कोणाची छाती नव्हती. मात्र लाव्हर्न त्या पिशवीकडे दोनदा पाहते जाहले.

शनिवारी उजाडता उजाडता फौजा आपापल्या मोर्चावर गेल्या. झाडीत ऐसी शांतता की बर्फाचा कण फांदीवरोन पडला तरी ऐकू यावा. इतक्यात आर्डेलांच्या बाजूने कट् कट् कट् कट् ऐसा आवाज उठला. लाव्हर्नांस वाटले, या जंगलात कोणी टायर बदलतो की काय. मग ते शेगडी बंद करोन, शिडी उतरोन, झाडांआडून तीनशे पावले चालोन गेले, आणि पाहतात तो दाजी उलट्या बादलीवर बसले आहेत, मांडीवर क्रॉसबो आहे, आणि डाव्या हाताने रहाट फिरवीत आहेत.

चौतीस वर्षांचा दारूगोळा लाव्हर्नांच्या कोठारात भरोन होता. दुसरे कोणी असते तर दया करिते. परंतु माणूस शेवटी माणूस, तो कितीसा आवरील? लाव्हर्न म्हणाले, "वा दाजी. झगा छान शिवलाय." आणि पाय रोवोन उभे राहिले, कारण आता उलट तोफ सुटणार हे ठाऊक होते.

तोफ सुटली नाही. आर्डेलांनी रहाट खाली ठेविला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं." लाव्हर्न सांगतात की, त्या घडीस त्यांस जी थंडी वाजली ती गॅसच्या शेगडीने जाण्यासारखी नव्हती.

दुपारी आर्डेल छावणीत आले आणि तेथून जुलूम सुरू जाहला. आमचे हरणाच्या मटणाचे कालवण दोन घास खाऊन म्हणाले, "वेंडेल, छान झालंय." एकवीस साले आम्ही तेथे रांधितो, आजवर ते कालवण बुटाच्या तळव्यास लावावयाच्या योग्यतेचे होते. आमच्या हातातील पळी खाली पडली. मग लाव्हर्नांस म्हणाले, "तुझी खोली सोयीची आहे रे. या वयात माणसाने उबेत बसावं." जोलीनीस म्हणाले की, तुझं धनुष्य हुशारीचं काम आहे, आणि देवदाराच्या दलदलीकाठची आपली जागा आता तूच घे. मी उद्या न्याहारी करून निघतो, मार्लिसला सणाचे केक भाजायला मदत लागते. मार्लिसबाईंनी पन्नास वर्षांत त्यांस भट्टीजवळ उभे राहो दिले नाही, हे सर्वांस ठाऊक होते.

जोलीन बापास धरोन चुलीकडे घेऊन आली. म्हणाली, "बाबा, काय बोललात त्यांना?"

"एकच वाक्य बोललो गं. ते मला रोज दहा बोलतात."

"ते बोलतात तोवर ते ठीक असतात ना."

इतक्यात लाव्हर्नांच्या खिशातील फोन वाजला. थोरली बहीण. मार्लिसबाईंनी खुशाली विचारिली नाही, हरणे किती हे विचारिले नाही. "बोलला का तुला काही?" इतकेच विचारिले.

"बोलले ताई. माझी खोली सोयीची आहे म्हणाले."

बाई म्हणाल्या, "असा माझ्याकडे पाठवू नकोस त्याला, लाव्हर्न. काहीतरी कर." आम्ही कांदा चिरीत होतो, म्हणोन आमच्या डोळ्यांचे कोणास नवल वाटले नाही.

मग मसलत बसली, आणि ठरले की दाजींचे सौजन्य सर्व बाजूंनी वेढून संध्याकाळचे आत पाडावे. पहिला हल्ला जोलीनीने केला. फोन पुढे करोन म्हणाली की, काका, आता वारा कुठला, हरीण कधी येणार, सगळं हाच सांगतो, जंगलात डोळे उघडायचीही गरज नाही. आर्डेल म्हणाले, "छान सोय आहे." हल्ला मागे हटला. दुसरा हल्ला लाव्हर्नांनी केला. घरी घालावयाच्या मेंढीच्या लोकरीच्या सपाता पायांत चढवोन जाहीर केले की, उद्या शिकारीस याच घालोन जाणार, बुटात बोटे अवघडतात. आर्डेल म्हणाले, "पाय गरम ठेवावेत." तोही हल्ला फसला.

तेव्हा अखेरचा उपाय काढिला. त्या मुलखी रिवाज ऐसा की, ज्याचा नेम चुकला त्याच्या सदऱ्याचा मागचा पदर कात्रीने कापोन भिंतीस खिळ्याने ठोकावा. कात्री चौतीस साले आर्डेलांच्या हाती, आणि कापण्याआधी ते जे भाषण करीत ते ऐकोन गुन्हेगार पुढील हंगामापर्यंत सुधारत असे. लाव्हर्न जेवणाचे वेळी उठोन उभे राहिले आणि कबूल करिते जाहले की, आज साठ पावलांवरोन, बसोन, दुर्बिणीतून, उभ्या हरणास आपण चुकलो. ही निखालस लबाडी होती, त्यांनी बार काढिलाच नव्हता. मग पाठ फिरवोन सदरा बाहेर ओढिला आणि वाट पाहत राहिले. आर्डेलांनी कात्री हाती घेतली, पदर बोटांत धरिला, आणि म्हणाले, "राहू दे. नवा सदरा दिसतोय." येणेंप्रमाणे छावणीची पूर्ण शिकस्त जाहली. त्या दिवशी ब्रँडी कोणास गोड लागली नाही.

रविवारी पहाटे आर्डेल कपडे पिशवीत भरीत होते. लाव्हर्न आले आणि गिरमिटाची पिशवी आपल्याच खांद्यास लावोन म्हणाले, "न्याहारीनंतर जायचं ते जा, दाजी. न्याहारीला दोन तास आहेत. चला, रहाट मी फिरवतो." आणि उत्तराची वाट न पाहता बाहेर पडले. हत्यारच गेले म्हणोन धन्यास मागे जाणे भाग पडले.

आडोशात बादली एकच. दाजी बादलीवर, मेहुणे बर्फात मांडी घालोन, पायांत त्याच सपाता, कारण वेढा अजोन उठविला नव्हता. लाव्हर्नांनी रहाट लोकरीच्या टोपीत गुंडाळोन ऐसा हळू फिरविला की एक कट् बाहेर पडला नाही. गॅसविना बसावयाची त्यांस सवय नव्हती, दात वाजत, मग ते हातमोजा दातांत धरोन बसले. आणि सूर्य झाडीवर येता येता दलदलीतून आठ टोकांच्या शिंगांचा नर निघाला, तो थांबत थांबत पंचवीस पावलांवर आला, आणि आर्डेलांनी चाप ओढिला. हरीण साठ पावले धावोन पडले.

"नेम पक्का आहे, दाजी."

"नेम क्रॉसबोवरच्या दुर्बिणीचा. मी नुसता इथे होतो." ऐसे बोलोन आर्डेल उठले, हरणाजवळ जाऊन टोपी काढिली, आणि गुडघे टेकोन बसले. तोंडावर आनंद नव्हता. लाव्हर्नांनी मनात म्हटले, आता ताईला काय सांगू.

त्याच समयी कुंपणापलीकडून घरघर उठली आणि चार चाकी फटफटीवर बसोन शेजारचा जमीनदार प्रझिबिल्स्की येता जाहला. याचे नाव संपेपर्यंत हरीण निघोन जाते, म्हणोन पुढे नुसता शेजारी लिहितो. अंगात विजेवर तापणारा कोट, आणि पाठीस क्रॉसबो. आर्डेलांच्या हातातील हत्यार पाहोन त्याचा चेहरा फुलला. म्हणाला, "या काका, आमच्यात या. पण हे काय, अजून हाताने फिरवता? माझ्यात मोटर आहे. बटण दाबलं की आपोआप ताणतो." आणि बटण दाबोन दाखविले. हत्याराने दळण दळल्यासारखा आवाज करोन आपणच आपली दोरी ओढिली.

आर्डेल उभे राहिले. टोपी डोक्यावर घातली. प्रथम मोटरीकडे पाहिले, मग कोटाकडे, मग फटफटीकडे.

"बटण दाबून ताणतोस?" ते म्हणाले. "मग त्या बाणालाच सांग ना, हरीण मार, सोल, आणि घरी घेऊन ये म्हणून. तू कशाला उठतोस सकाळी? क्रॉसबो हाताने ताणायचा असतो. घाम येऊन, बर्फात बसून. याला शिकार म्हणतात. तुझ्या हातात आहे ते मिक्सर आहे."

लाव्हर्न तोंड वळवोन हसो लागले. ते दाजींनी पाहिले.

"आणि तू काय दात काढतोस रे? काचेतून हरीण बघणाऱ्या, तुला टीव्ही आणि जंगल यातला फरक कळतो का? सपाता घालून आलाय शिकारीला. अंथरूण पण आणायचं होतंस. साठ पावलांवर उभं हरीण चुकतोस, आणि मी सदरा सोडला तर लाज वाटून स्वतः कापायला नको? आण कात्री. आणि त्या वेंडेलला सांग, कालच्या कालवणाने माझी रात्रभर छाती जळतेय."

शेजारी फटफटी वळवोन सीमेपार पळाला. लाव्हर्न तेथेच बर्फात बसले, आणि ओल्या सपातांनिशी रडले, आणि हसले, आणि फोन काढिला.

"ताई, दाजींनी मला शिवी दिली."

पलीकडे काही पडल्याचा आवाज आला. मग मार्लिसबाई म्हणाल्या, "सांग. सगळी सांग, शब्दाला शब्द." लाव्हर्नांनी सांगितली. "परत सांग," बाई म्हणाल्या. ऐसी तीन वेळा सांगविली, आणि तिसऱ्या खेपेस मागून आर्डेल ओरडले की, फोनवर बोलत काय बसलास, हरीण काय पायाने चालत जाणार आहे? ते बाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकिले.

येणेंप्रमाणे पाणकोंबडी तळ्याची फत्ते जाहली. जखमी इसम एक, लाव्हर्न ग्रुनवाल्ड, पायांची सहा बोटे बधीर आणि सदरा मागून आखूड. आर्डेल स्कोगन त्या रविवारी घरी गेले नाहीत, सोमवारीही गेले नाहीत, उरलेले सातही दिवस छावणीत मुक्काम करोन राहिले, आणि एकाही माणसाशी एकही गोड शब्द बोलिले नाहीत. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकिले, आणि आमच्या वाट्याचे आम्हांसही मिळाले, ते सर्व सुखरूप पावले म्हणोन लिहोन दिले असे.