मागच्या सीटला ब्रेक नसतो

ब्रेक या विषयात आपल्याला कुणी काही शिकवू नये, असं मास्तर छाती ठोकून सांगत. त्यात खोटं काहीच नव्हतं. मास्तर मोटार शिकवायचे. बाकीच्या जगाला गाडीत स्टिअरिंग असतं, गिअर असतो, हॉर्न असतो. मास्तर बसत त्या चालकाशेजारच्या सीटपुढे फक्त एक जादा ब्रेक होता, आणि त्या एका ब्रेकवर त्यांनी संसार केला होता. शिकाऊ माणूस खांबाकडे निघाला की मास्तरांचा पाय खाली जाई आणि खांबासकट सगळे वाचत.

पण एवढी वर्षं दुसऱ्याच्या हाती जीव देऊन बसल्यामुळे मास्तर मुळापासून भित्रे झाले होते. लिफ्ट खाली निघाली की त्यांचा उजवा पाय दाबला जाई. न्हाव्याचा वस्तरा गळ्याशी आला की पाय दाबला जाई. झोपेत बायकोच्या पोटरीवर किती वेळा ब्रेक लागला असेल, त्याची तर गणतीच नाही. जित्याची खोड, दुसरं काय!

बायकोही त्यांच्याकडेच गाडी शिकली. म्हणजे स्टिअरिंग शिकली, गिअर शिकली. ब्रेक मात्र तिला शिकताच आला नाही, कारण तिचा पाय पोचायच्या आत मास्तरांचा पोचलेला असे. मी दाबणारच होते, असं ती म्हणायची. दाबला असतास, पण खांबानंतर, असं मास्तर म्हणायचे. एक दिवस ती भर रस्त्यात उतरली आणि चालत घरी आली. परीक्षेची तारीख तिने रद्द केली नाही, पण मास्तरांच्या शेजारी बसणं बंद केलं. तिची थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला आजारी होती, आणि तिला भेटायला दर वेळी नवऱ्याची मनधरणी करून ती कंटाळली होती. या खेपेला नापास झाले तर पुन्हा म्हणून स्टिअरिंगला हात लावणार नाही, असं तिने सांगून टाकलं होतं.

आता मधे मुलाचा खेळ आला. मुलगा नोकरीसाठी दूर गेला तेव्हा मागच्या खोलीत आपला शर्यतीचा सरंजाम ठेवून गेला: टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग, जमिनीवर पॅडल, समोर मोठा स्क्रीन. त्यावर घरबसल्या गाड्यांची शर्यत लावता येते आणि कुठकुठली माणसं आपापल्या खोलीत बसून तीत उतरतात. मुलाने फोनवर सांगितलं, बाबा, संध्याकाळी तुम्हीही येत जा, तेवढीच भेट होईल. फक्त ब्रेकची संवेदनशीलता आधी आपल्या पायाला मानवेल अशी लावून घ्या.

"ब्रेक तू मला शिकवणार?" मास्तर म्हणाले, आणि त्यांनी संवेदनशीलतेचा आकडा थेट वरच्या टोकाला नेऊन ठेवला. ब्रेक जितका हळवा तितका चांगला, अशी त्यांची समजूत.

पहिल्याच वळणाआधी त्यांचा पाय ब्रेकला नुसता लागला. गाडी जागच्या जागी खिळली आणि मागून येणाऱ्या यच्चयावत गाड्या त्यांच्यावर येऊन आदळल्या. हेडफोनमधून कुणीतरी अदबीने विचारलं, "काका, पार्किंग शोधताय का?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आकडा पार तळाला आणला. आता ब्रेक कितीही दाबला तरी गाडी थांबेना! उलट जोर लावला की त्यांची चाकांची खुर्चीच मागे पळायची. समोरची भिंत जवळ येतेय आणि ब्रेक लांब लांब चाललाय. मास्तरांची पाचावर धारण बसली. ते "वाचवा!" म्हणून ओरडले, तेव्हा बायकोने दारातून डोकावून, पंखा लावू का, एवढंच विचारलं. मग मास्तरांनी खुर्चीमागे कपाट सरकवलं आणि रोज नवा प्रयोग मांडला. आज हळवा, उद्या निगरगट्ट, परवा मधला. मुलगा एकीकडे जिंकत राहिला आणि मास्तर आकडा खालीवर करत राहिले.

परीक्षेच्या दिवशी बायकोला परवान्याच्या कार्यालयात नेताना मास्तरांनी हळूच विचारलं, की सराव वगैरे काही केलास का.

"केला की," ती म्हणाली. "रोज दुपारी तुमच्या त्या खोलीत बसत होते."

मास्तरांनी कसाबसा ब्रेकबद्दल प्रश्न केला.

"लहरी आहे मेला. एक दिवस पाय लावला की रुसून बसतो, दुसऱ्या दिवशी लाथ मारली तरी हलत नाही. काल तर चक्क उभी राहिले, तेव्हा कुठे गाडी थांबली."

आदल्या दुपारी लावलेला होता तो आकडा मास्तरांना आठवला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तळाला होता! म्हणजे बायकोचा पाय लाथ मारायच्या तयारीने आला होता, आणि शिकवणीची गाडी अशी की नुसत्या अंगठ्याने थांबावी. लाथ बसली की परीक्षकाचं कपाळ काचेवर, बायको नापास, आणि हा धोंडा आपल्या पायावर कुणी पाडला ते तिला कळलं की पुढे काय, याचा विचार करायची मास्तरांना हिंमत होईना. कार्यालयापाशी गाडी थांबवून, सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तोच परीक्षक साहेब गाडीपाशी येऊन ठेपले. साहेब नुकतेच बदलून आलेले, मास्तरांना ओळखत नव्हते. ते शेजारच्या सीटवर, जादा ब्रेकपाशी बसले. तिला स्टिअरिंगवर बसवलं, मास्तरांना मागे धाडलं, आणि मागून एक शब्द जरी आला तरी परीक्षा रद्द, अशी ताकीद दिली. नियम मास्तरांना पाठ होता: परीक्षकाला जादा ब्रेक दाबावा लागला की उमेदवार नापास.

मास्तर मागे जीव मुठीत धरून बसले. पायाखाली नुसती चटई. इतक्या वर्षांत त्यांना इतकं उघडं कधी वाटलं नव्हतं.

गाडी सुरू करायच्या आधी बायकोने ब्रेकवर पाय ठेवला, हळूच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय?

"आज कसा आहे ते बघतेय," ती म्हणाली. "रोज सारखा नसतो."

साहेबांनी मान डोलावली. गाडी निघाली, दोन गल्ल्या नीट पार झाल्या, आणि समोर चौकातला दिवा लाल झाला. पुढे एक टेम्पो थांबलेला. टेम्पो मोठा होऊ लागला. बायकोचा पाय ब्रेककडे निघालाच होता, पण मास्तरांना तो दिसत नव्हता. त्यांना दिसत होता फक्त टेम्पो. त्यांनी डोळे मिटले आणि सगळा जन्म एकवटून पाय पुढे ताणला.

पुढे साहेबांची सीट होती. मास्तरांच्याच रोजच्या रेट्याने त्या सीटचा खटका केव्हाच झिजला होता. सीट साहेबांसकट सुळकन पुढे सरकली, साहेबांचे गुडघे डॅशबोर्डला भिडले, आणि बूट नेमका जादा ब्रेकवर पडला. गाडी गचकन थांबली.

बायकोच्या दोन्ही हातांची पकड स्टिअरिंगवर घट्ट झाली. आरशात तिचे डोळे दिसत होते. त्यांत राग नव्हता, पाणी होतं. मास्तरांना त्या डोळ्यांची टेम्पोहून जास्त भीती वाटली.

"साहेब," त्यांची बोबडी वळली, तरी ते बोलले. "ब्रेक तुम्ही नाही दाबलात. मी दाबला. मागून. ती दाबणारच होती."

साहेबांनी गुडघे चोळत मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग शांतपणे सांगितलं, "परीक्षा यांची आहे, तुमची नाही. तुम्ही उतरा."

मास्तर फुटपाथवर उतरले. दिवा हिरवा झाला आणि त्यांची गाडी त्यांच्याशिवाय निघून गेली. वळणावर ती दिसेनाशी झाली तरी मास्तरांचा पाय फरशीवर दाबलेलाच होता. येणारे-जाणारे त्यांना पायात मुंग्या आल्यात का म्हणून विचारू लागले.

गाडी परत आली ती फेरी पूर्ण करून. मास्तरांच्या समोर इतकी अलगद थांबली, की काठोकाठ भरलेला पेलासुद्धा हिंदकळला नसता. साहेब उतरले, बाईंना पास म्हणाले, आणि जाता जाता बोटाने मास्तरांकडे दाखवत त्यांनी तिला बजावलं, "या तुमच्या विद्यार्थ्याला थोडे दिवस घरीच शिकवा. इतक्यात रस्त्यावर आणू नका."

साहेब गेल्यावर मास्तरांनी बायकोला आकड्यांचं सगळं सांगून टाकलं. आता बॉम्ब फुटणार म्हणून ते खांदे आक्रसून उभे राहिले. ती फक्त हसली.

"म्हणूनच तर आधी चाचपायला शिकले. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. पण अहो, त्या खोलीत निदान माझा पाय ब्रेकपर्यंत पोचला. तुमच्या शेजारी तो कधी पोचलाच नाही."

मास्तर सवयीने जादा ब्रेकच्या बाजूच्या दाराकडे वळले.

"तिकडे नाही, मागे बसा," ती म्हणाली. "आणि पाय वर घ्या. आधी ताईकडे जाऊन येऊ."

शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत मास्तर मागच्या सीटवर मांडी घालून, डोळे घट्ट मिटून बसले. गाडी कधी थांबली ते त्यांना कळलंच नाही. शेवटी आजारी ताईच कशीबशी खाली येऊन काच ठोठावून म्हणाली, की अहो, उतरा आता, चहा थंड होतोय.